स्वस्ताईचा हिशेब आणि मजुरीची रीत

दया पवारांचे आत्मकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या भाषेवर, त्यातील कावाखान्याच्या चित्रणावर, लेखकाच्या दुभंगलेपणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या नावाकडे मात्र आपण फारसे थांबून पाहिले नाही. ‘बलुतं’ हे माणसाचे, गावाचे किंवा जातीचे नाव नव्हे. मजुरी चुकती करण्याच्या एका रीतीचे ते नाव आहे. मजुरी किती मिळते याच्याइतकेच ती कशी, कोणाच्या हातून आणि कोणत्या मापाने मिळते हेही माणसाची जागा ठरवते, ही जाणीव त्या एका शब्दात आहे. आजच्या बाजाराची समीक्षा करायची तर ही जाणीव हाती घेऊनच करावी लागेल.

बलुत्यात कामाला मोजमाप नव्हते, म्हणून मोबदल्यालाही नव्हते. सांगावा नेणे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी अंमलदारापुढे धावणे, हे सारे कोणत्याही प्रहरी आणि साऱ्या कुटुंबाने करायचे. धान्य मात्र सुगीच्या वेळी दुसऱ्याच्या खळ्यावर उभे राहून मागायचे. काम सरकारचे आणि मोबदला गावकऱ्यांच्या मर्जीवर, या विसंगतीवर डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाचे विधेयक मांडून बोट ठेवले. ती वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. कामाचे तास ठरावेत, मोबदला रोख मिळावा, देणारा कोण ते निश्चित असावे, या मागण्यांत भाकरीच्या जोडीला नागरिकत्वाचीही मागणी होती.

आता आजच्या दुकानाकडे वळू. कमी भावात माल विकणारी मोठी दुकाने हे आपल्या काळाचे बाजारपेठीय रूप आहे. त्यांचे सारे गणित खर्च छाटण्यावर उभे असते, आणि ही छाटणी किती बारीक असते हे पाहण्यासारखे आहे. ग्राहकाने कार्डाने पैसे दिले की त्यातला काही हिस्सा बँकेकडे आणि कार्ड कंपनीकडे जातो. अल्डी या जर्मन साखळीने हा खर्च टाळण्यासाठी आपल्या अमेरिकेतील दुकानांत २०१६ पर्यंत क्रेडिट कार्ड घेतलेच नव्हते. आपल्याकडेही कार्ड पुढे केले की ‘दोन टक्के जादा पडतील’ असे दुकानदार सांगतो, तो याच हिश्शामुळे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डावरील या शुल्काला मर्यादा घातली. मोठ्या दुकानदारासाठी ती शेकडा नव्वद पैसे होती. पुढे २०१९ च्या वित्त कायद्याने तरतूद केली आणि १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरचे शुल्क शून्यावर आले. म्हणजे शंभरातल्या एका रुपयाहूनही कमी रकमेसाठी रिझर्व्ह बँक नियम करते, संसद कायदा बदलते. व्यापारी संघटित आहे, बँक संघटित आहे, म्हणून त्या रुपयाचा हिशेब होतो. त्याच गल्ल्यावर दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलीच्या मजुरीतल्या रुपयाचा हिशेब कोणत्या सभागृहात होतो?

डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. रोजच कमी भाव, हे त्याचे सूत्र. ही साखळी चालवणाऱ्या कंपनीकडे कायम नोकरांपेक्षा कंत्राटी कामगार कितीतरी अधिक आहेत, हे तिच्याच वार्षिक अहवालांतून दिसते. ही एका कंपनीची गोष्ट नाही. संघटित म्हणवणाऱ्या साऱ्या उद्योगांची आजची चाल हीच आहे. माल दुकानाचा, गणवेश दुकानाचा, शिस्त दुकानाची आणि मजुरी मात्र कंत्राटदाराच्या हातून. देणारा कोण, हे पुन्हा धूसर केले गेले. वतनातली ती जुनी विसंगती नव्या कपड्यांत परत आली आहे.

चौसाळ्याच्या महामार्गावरून दिवाळीच्या सुमारास जे ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात, ते पाहणाऱ्याला हा कंत्राटदार नवा वाटणार नाही. आपण त्याला मुकादम म्हणतो. स्वस्त दुकानाच्या फळीवर साखरेची जी पिशवी असते, तिचा माग काढत गेले तर आपण बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांत आणि तांड्यांवर येऊन पोचतो. इथे मजुरीची रीत आहे ‘उचल’. पैसे आधी उचलायचे आणि हंगामभर फेडायचे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर वाहून गाडीत चढवते, आणि मुकादमाच्या वहीत तिच्या नावाची ओळही नसते. आजारपणाने एक दिवस बुडाला तर ‘खाडा’ लागतो आणि दंड उचलीत मिळवला जातो. २०१९ साली या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली. त्या चर्चेत डॉक्टर आले, दवाखाने आले, सरकारी समिती आली. ज्या मोबदल्याच्या रीतीत पाळीचे चार दिवसही कर्ज वाढवतात, ती रीत मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली नाही.

याच उसाच्या दुसऱ्या टोकाला पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत, नाहीतर कारखान्याने १५ टक्के व्याज द्यायचे. हा नियम पाळला जात नाही म्हणून आंदोलने होतात, आणि ती रास्तच आहेत. तोडणाऱ्याच्या बाबतीत मात्र व्याजाची दिशाच उलटी आहे. शेतकऱ्याचे पैसे थकले तर ते व्याज त्याला मिळायचे असते. मजुराची उचल फिटली नाही तर तिचा बोजा त्याच्याच डोक्यावर बसतो आणि पुढच्या हंगामालाही त्याला बांधून घेतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती संघटनेच्या बळावर मिळाली, तिचे स्वागतच आहे. पण दर वाढला आणि रीत तीच राहिली, तर वाढीचा किती भाग वहीतच जिरतो याचा हिशेब कोण तपासणार?

‘सगळ्यांचे पैसे थेट खात्यात टाका म्हणजे झाले’ असे उत्तर यावर सहज दिले जाते. रोख रकमेचे मी गुणगान करणार नाही. मुकादमाच्या हातातली रोख आपण पुरती ओळखून आहोत. पण यंत्राने आलेला पैसा आपोआप न्याय्य होत नाही. रोजगार हमीच्या मजुरीसाठी १ जानेवारी २०२४ पासून आधार जोडणीची रीत सक्तीची झाली. नाव किंवा आकडा जुळला नाही की घाम गाळून मिळवलेली मजुरी अडकते, आणि कोणाकडे दाद मागायची ते कळत नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला नायक उधन्याला रोख पगाराच्या नोकरीवर गेला, तरी जातीने त्याला तिथे गाठलेच. पैशाचे रूप बदलल्याने सत्तेचा संबंध बदलतोच असे नाही, हे १९६३ सालच्या त्या कथासंग्रहाने सांगून ठेवले आहे.

मग स्वस्ताई वाईट का? मुळीच नाही. ज्याच्या घरात तेल पावशेराने येते, त्याला स्वस्ताईच्या विरोधात व्याख्यान देणे हा पोटभरल्यांचा उद्योग आहे. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ साली अपना बाजार उभा केला तो स्वस्त आणि चोख माल मिळावा म्हणूनच. प्रश्न स्वस्ताईचा भार कोणाच्या अंगावर पडतो, हा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयाचे मूल्य उतरल्यावर निर्यातदाराला होणाऱ्या नफ्याचा उगम शोधला. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, आणि व्यापाऱ्याचा लाभ मजुराच्या त्या तोट्यातून येतो, असे त्यांनी दाखवले. चलनाच्या विद्वत्तापूर्ण चर्चेत त्यांनी मजूर आणून उभा केला. समीक्षेने शिकावे ते हेच.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, असे ती सांगते. कार्यकर्त्यांनी ती वाचली पाहिजे आणि तिला प्रश्न विचारले पाहिजेत. कोयत्यातल्या बाईच्या नावाने वेगळी मजुरी निघते का? उसाच्या वजनाची पावती मजुराच्या हातात पडते का? कंत्राटी कामगाराची मजुरी थकली तर मूळ मालक ती भरतो का? या साध्या गोष्टी आहेत. पण बलुत्यातही कामाचे तास आणि मोबदल्याचे माप मागणे ही साधीच गोष्ट होती, आणि तिच्यासाठी तीस वर्षे लागली.

लिहिणाऱ्यांवरही एक काम आहे. आमच्या महाविद्यालयातली मुले-मुली आज पुण्याच्या दुकानांत गल्ल्यावर उभी आहेत, गोदामांत खोकी वाहत आहेत, आणि त्यांचे आईबाप फडात आहेत. बलुतं मागणाऱ्या पिढीने आपल्या मोबदल्याच्या रीतीला नाव देऊन ते पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर छापले. या पिढीला तिच्या रीतीचे नाव अजून लिहायचे आहे. दुकानाच्या बिलावर किती रुपये वाचले ते ग्राहकाला छापून मिळते. ते कोणाचे वाचले आणि कोणाचे गेले, ते आपल्याला लिहावे लागेल.