साखर गुन्हेगार की साक्षीदार?



पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर आधी हा एक जुना पेपर वाचा. १९८४ साली लाँगस्ट्रेथ आणि इनुई यांनी सिअ‍ॅटलमधले ४३० रुग्ण पाहिले. सगळ्यांचं हृदय हॉस्पिटलबाहेर बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. जे पुढे शुद्धीवर आले, त्यांची दाखल होतानाची साखर सरासरी २६२ होती. जे कधीच आले नाहीत, त्यांची ३४१.

म्हणजे साखरेनेच मेंदू बिघडवला? स्पष्टीकरणही हाताशी होतं. ऑक्सिजन नसताना पेशी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्याने इजा वाढते. १९७७ मध्ये मायर्स आणि यामागुची यांच्या प्रयोगात, आधी ग्लुकोज दिलेल्या माकडांच्या मेंदूला जास्त इजा झालेली दिसली होती.

पण इथेच थांबा. समजा, नेरे गावात दोघांचं हृदय बंद पडलं. एकाची छाती शेजाऱ्याने लगेच दाबायला घेतली. दुसऱ्यासाठी १०८ची गाडी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. दुसऱ्याच्या शरीरात ताणाची संप्रेरकं जास्त वेळ उसळणार, अ‍ॅड्रेनालिनची इंजेक्शनंही जास्त लागणार, आणि साखर वर जाणार. त्याचा मेंदूही जास्त वेळ रक्ताविना राहणार. इथे साखरेने काहीच केलेलं नाही, ती फक्त गेलेली मिनिटं दाखवते. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो. लाँगस्ट्रेथ यांच्याच गटाने १९८६ मध्ये दाखवलं की सीपीआर जितका लांबतो, तितकी साखर चढते.

मला हा गट आवडतो तो पुढच्या पावलासाठी. १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचीच शंका तपासली: ७४८ रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी, काहींना ५ टक्के डेक्स्ट्रोज, काहींना साखरेविना सलाईन. शुद्धीवर येण्यात ठळक फरक पडला नाही. पण ५ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम. या प्रयोगातून ‘ही ड्रिप चालेल का’ याचं उत्तर मिळतं. ‘३४१ साखर घातक आहे का’ याचं मिळत नाही.

मग साखर खाली आणून बघायची? फिनलंडमध्ये २००७ साली ते झालं. काटेकोर गटात ७२ ते १०८, दुसऱ्यात १०८ ते १४४. तीस दिवसांतले मृत्यू ३३ आणि ३५ टक्के. रुग्ण मात्र फक्त ९०! एवढ्या नमुन्यात ‘फरक नाही’ म्हणणं म्हणजे अंधारात पाहून खोली रिकामी आहे म्हणण्यासारखं. शिवाय दोन्ही गटांत साखर आटोक्यातच होती. २००९ च्या नाइस-शुगर चाचणीत आयसीयूतले ६,१०४ रुग्ण होते. काटेकोर गटात नव्वद दिवसांत २७.५ टक्के दगावले, दुसऱ्यात २४.९. साखर फार खाली जाण्याचा धोकाही काटेकोर गटात कितीतरी जास्त होता. अर्थात, ते सगळे हृदय बंद पडलेले रुग्ण नव्हते.

आपल्याकडे गुंता आणखी वाढतो. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. पुण्यात दाखल झालेल्याची साखर २६० आली, तर ती आजची की दहा वर्षांची? एचबीए१सी केल्याशिवाय कसं कळणार?

तेव्हा या विषयावर प्रस्ताव लिहाल, तर तक्त्यात साखरेच्या रकान्याआधी तीन रकाने आखा: हृदय किती मिनिटं बंद होतं, अ‍ॅड्रेनालिन किती दिलं, एचबीए१सी किती. हे तीन रिकामे राहणार असतील, तर चौथ्यावरून मेंदूबद्दल काही म्हणू नका.