'एकहाती' कुणी मॅच वाचवत नाही

विजय हजारे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ट्रॉफीमुळे माहीत असतं. आयपीएलच्या लिलावाआधी कोण फॉर्मात आहे ते बघायची पन्नास ओव्हरची स्पर्धा, एवढीच तिची ओळख. गंमत अशी की ज्या माणसाचं नाव या झटपट स्पर्धेला दिलंय, त्याची खरी ओळख दिवसभर खेळपट्टीवर उभं राहण्याची होती. हजारे सांगलीत जन्मले, 11 मार्च 1915 रोजी. वडील शिक्षक, घरात आठ भावंडं.

त्यांच्याबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: 'एकहाती किल्ला लढवला'. हा लेख त्या शब्दप्रयोगाविरुद्ध आहे.

डिसेंबर 1948. वेस्ट इंडीजचा संघ पहिल्यांदाच भारतात आलेला. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी 631 केल्या होत्या. मुंबईत ब्रेबॉर्नवर दुसऱ्या कसोटीत 6 बाद 629 वर डाव घोषित केला. एव्हर्टन वीक्सच्या एकट्याच्या 194. भारत 273 मध्ये आटोपला. फॉलोऑन, आणि 356 ची पिछाडी. अशा वेळी जिंकण्याचा विचारच नसतो. उरतो तो वेळ, आणि तो संपवायचा असतो.

शेवटी स्कोअरकार्डावर उरलं: भारत 3 बाद 333. हजारे नाबाद 134. मॅच ड्रॉ.

333 म्हणजे भारत अजून 23 धावांनी मागेच होता. जवळजवळ साडेतीनशे धावा काढूनही समोरच्याची बरोबरी झालेली नाही आणि तरीही हरलेलो नाही, हे फक्त कसोटीतच घडू शकतं. सातारा-सांगलीकडच्या जत्रांमधल्या टेनिस बॉलच्या मॅचेस पाहत वाढलेल्याला हे समजावणं अवघड. तिथं ड्रॉ नसतोच, आणि टुकूटुकू खेळणाऱ्याला पहिली शिवी त्याच्याच टीममधून बसते.

पण या मॅचला 'हजारेंनी वाचवलेली' म्हणताना आपण काय गाळतो ते बघा. रुसी मोदी यांनी त्याच डावात 112 केल्या. कर्णधार लाला अमरनाथ नाबाद 58. म्हणजे एका टोकाला हजारे होते, पण दुसरं टोक रिकामं नव्हतं. त्या मालिकेत मोदींच्या एकूण 560 धावा, हजारेंच्या 543. त्यातले मोदी आज कुणाला आठवतात?

खोटं मोठेपण द्यायला नको, म्हणून हेही सांगतो: ब्रेबॉर्नची खेळपट्टी फलंदाजाची होती. रामाधीन आणि व्हॅलेंटाइन ही फिरकी जोडी वेस्ट इंडीजकडून खेळायला लागली ती 1950 मध्ये, त्यामुळे गोलंदाजी पुढच्या काळाइतकी भेदक नव्हती. तरीही 356 च्या ओझ्याखाली चुकीचा एक फटका पुरतो. चौथ्या कसोटीत, मद्रासला, भारत डावाने हरला, तोही 193 धावांनी.

आता हजारेंच्या खरोखर 'एकहाती' वाटणाऱ्या खेळी काढू. 1948 च्याच जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतक केलं, 116 आणि 145. एकाच कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. निकाल: डाव आणि 16 धावांनी पराभव.

त्याहून बोलकी गोष्ट 1943 ची. पेंटँग्युलर स्पर्धेत संघ धर्मावर पाडलेले असत आणि ख्रिस्ती असल्यामुळे हजारे 'द रेस्ट'मध्ये, म्हणजे उरलेल्यांच्या संघात. (संघाला हेच नाव द्यावंसं कुणाला वाटलं असेल, देव जाणे.) मैदान तेच, ब्रेबॉर्न. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, विजय मर्चंट नाबाद 250. रेस्ट 133. फॉलोऑन. दुसऱ्या डावात हजारेंनी 309 केल्या. संघाच्या 387. धाकटा भाऊ विवेक याच्याबरोबर सहाव्या विकेटसाठी 300 ची भागीदारी झाली आणि त्यात विवेकच्या 21. दोघा भावांना वगळलं, तर बाकी सगळे मिळून, अवांतर धावा धरून, 57. मॅच डाव आणि 61 धावांनी गेली.

तेच मैदान, तोच फॉलोऑन, तोच माणूस. 309 केल्या तेव्हा हरले, 134 केल्या तेव्हा हरले नाहीत. फरक दुसऱ्या टोकाचा आहे.

आपली भाषा हा फरक दिसू देत नाही. ड्रॉ झाला की लगेच 'खिंड लढवली' येतं. पण पावनखिंडीतही बाजीप्रभूंबरोबर बांदलांचे मावळे होतेच. एकटा वीर उभा करायची सवय इतकी मुरलीय, की स्कोअरकार्डावर दोन नावं स्पष्ट दिसत असताना आपण एकच वाचतो.

हे जुन्या काळापुरतं नाही. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना जून 2021 मध्ये ब्रिस्टलला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत होती. पहिल्या डावात तिच्या 78, शफाली वर्माबरोबर 167 ची सलामी, आणि तरीही 396 समोर 231 वर सगळं संपून फॉलोऑन. दुसऱ्या डावात स्मृती 8 वर गेली. 8 बाद 240 झाल्या तेव्हा आघाडी फक्त 75 होती. तिथून स्नेह राणा नाबाद 80, मॅच ड्रॉ. सगळीकडे स्नेह राणाचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, पदार्पणाचीच कसोटी होती तिची. पण ती नवव्या विकेटची 104 धावांची अभंग भागीदारी होती. समोर यष्टिरक्षक तानिया भाटिया नाबाद 44. तिचंही पदार्पणच.

त्याच वर्षी जानेवारीत सिडनीला हनुमा विहारी आणि अश्विन यांनी मॅच वाचवली, ती मात्र आपण जोडीनेच आठवतो. कदाचित कारण साधं असेल: विहारी 161 चेंडूंत नाबाद 23, अश्विन 128 चेंडूंत नाबाद 39. एकट्याला मखरात बसवण्याइतका मोठा आकडाच कुणाकडे नव्हता.

विवेक हजारे यांच्या त्या 21 धावा साधारण साडेपाच तास चाललेल्या भागीदारीतल्या होत्या.