दहा वर्षांचा हिशेब आणि उरलेले आयुष्य

येत्या दहा वर्षांत एखाद्याला हृदयविकार होण्याची शक्यता किती, हे गुण मोजून सांगणारे तक्ते अनेक देशांत वापरले जातात. त्यांतला एक सुपरिचित तक्ता अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासातून आला. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि धूम्रपान यांना गुण देणारा तक्ता १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'धोक्याचे घटक' हा विचार रुजवण्याचे मोठे श्रेय या अभ्यासाला आहे. पण तक्ता नीट वाचला नाही, तर तो तरुणांची दिशाभूल करू शकतो.

प्रत्यक्ष गुण मोजून पाहू. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचे शून्य गुण धरा. बत्तीस वर्षांच्या पुरुषाला वयाचा उणे १ गुण मिळतो. तो सिगारेट ओढत असेल तर २ आणि मधुमेह असेल तर आणखी २. बेरीज झाली ३. आता सत्तर वर्षांचा, निर्व्यसनी, मधुमेह नसलेला पुरुष घ्या. केवळ वयापोटी त्याचे ७ गुण होतात. स्त्रियांच्या तक्त्यात बत्तिसाव्या वर्षी वयाचे उणे ९ गुण आहेत. सिगारेटचे २ आणि मधुमेहाचे ४ मिळवले तरी बेरीज उणे ३!

म्हणजे तक्ता खोटा आहे का? नाही. बत्तिशीतल्या फार थोड्यांना पुढच्या दहा वर्षांत झटका येतो, हे खरेच आहे. 'दहा वर्षांत कमी धोका' याचा अर्थ आपण 'धोका नाही' असा लावतो, तेव्हा चूक होते.

एक दोष मात्र तक्त्याचा स्वतःचा आहे. धूम्रपानाला तो सर्व वयांत २ च गुण देतो. म्हणजे त्यामुळे धोका प्रत्येक वयात सारख्याच पटीने वाढतो, असे तो गृहीत धरतो. ब्रिटनमधील १९९५ च्या एका मोठ्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. ३० ते ४९ वयोगटात सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये झटक्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट होते, तर ६० ते ७९ वयोगटात सुमारे दुप्पट.

दुसरी गोष्ट, हा आजार झटक्याच्या दिवशी सुरू होत नाही. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय सुमारे २२ होते. तरी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकाराच्या खुणा होत्या. लुइझियाना राज्यातील बोगालुसा येथील अभ्यासात (१९९८) २ ते ३९ वयाच्या मृतांची तपासणी झाली. धोक्याचे घटक जितके जास्त, तितका रोहिण्यांतील चरबीचा थर अधिक पसरलेला होता. तक्त्यातील 'वय' हा म्हातारपणाचा दंड नव्हे. रोहिण्यांनी इतकी वर्षे जे सोसले, त्याचीही बेरीज त्यात असते.

आपल्यासाठी हे अधिक महत्त्वाचे आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणानुसार पहिल्या झटक्याचे सरासरी वय भारतासह दक्षिण आशियात सुमारे ५३, तर इतरत्र सुमारे ५९ होते. यामागचे मोठे कारण म्हणजे तेच परिचित घटक इथे लहान वयात जास्त आढळतात.

तज्ज्ञांनाही ही उणीव जाणवली. अमेरिकेत २०१३ च्या मार्गदर्शनात तरुणांसाठी आयुष्यभराच्या धोक्याचा विचार आला आणि २०२३ च्या नव्या सूत्रात तीस वर्षांच्या धोक्याचा.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून वयाच्या गुणांचा आलेख काढून घ्यावा. मग विचारावे : यातला कोणता घटक आपल्या हाती नाही, आणि जे हातात आहेत ते कोणत्या वयापासून?