घुमटाखालच्या बाटल्या

सिंगापूरला पाहुणे आले की आपण त्यांना हमखास अरब स्ट्रीटला नेतो. सुलतान मशिदीच्या सोनेरी घुमटासमोर फोटो निघतात आणि मंडळी कॉफी प्यायला वळतात. पोस्टडॉकसाठी इथे आले तेव्हा मीही तेवढंच पाहिलं होतं. पुढच्या वेळी घुमटाच्या खाली बघा. तिथला काळपट पट्टा काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. बांधकामात फक्त श्रीमंतांचा पैसा नको, गरिबांचाही वाटा हवा, म्हणून त्या गोळा केल्या, असं सांगतात. माझ्या मते या वास्तूतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

एरवीचं रूप आपल्या ओळखीचं आहे. डेनिस सँट्री या वास्तुरचनाकाराने वापरलेली इंडो-सारासेनिक शैली मुंबईच्या म्युझियममध्ये आपण लहानपणापासून पाहिलेली असते. पण या जागेवर आधी १८२० च्या दशकातली, उतरत्या दुपदरी छपराची मशीद होती. तिच्या जागी ही उभी राहिली आणि १९३२ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे आज आपण जिला वारसा म्हणून जपतो, तिच्यासाठी आधीचा एक वारसा गेलाच होता. त्याचं फारसं दुःख करायला नको. वस्ती वाढली, मशीद वाढली. वास्तू वापरात असली की बदलणारच.

माझी तक्रार नंतरच्या जतनाबद्दल आहे. मशीद १९७५ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९८९ मध्ये सगळा कांपोंग ग्लाम संवर्धन क्षेत्र. जुन्या दुकानघरांचे दर्शनी भाग, खिडक्या, कौलं नेटकी राखली. हे काम उत्तम आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या बुसोरा स्ट्रीटवर एकेकाळी हजला निघालेल्या यात्रेकरूंची गर्दी असे, तिथे आता पर्यटकांची दुकानं आणि उपाहारगृहं आहेत. सुलतानाचे वंशज राहत होते त्या इस्तानाचंही संग्रहालय झालं. नियम भिंतींना वाचवतात, भाडेकरूंना नाही.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हाजा फातिमा मशीद आहे, १८४६ ची, एका बाईच्या नावाची. तिचा मनोरा किंचित कललेला आहे. आजूबाजूला उंच सरकारी गृहसंकुलं आहेत, त्यामुळे फोटो काही खास येत नाही. पण मशिदीच्या शेजारी माणसं राहतात.

सुलतान मशिदीत आजही पाच वेळा नमाज होते, म्हणून ती जिवंत आहे. प्रश्न तिच्या शेजाराचा आहे. ज्यांनी बाटल्या दिल्या, तशा लोकांना आज त्या गल्लीत घर परवडेल का? जतनाचं यश मोजताना हाही प्रश्न विचारायला हवा.