पडद्यावरचे पॅट्रिअट

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले तेव्हा मी आठवीत होते. आमच्या आळीत एकाच घरी केबल आली होती आणि संध्याकाळी सारी आळी तिथे जमत असे. काळ्या आकाशात एक ठिपका वरून खाली येई, दुसरा खालून वर चढे, मग लखलखाट होई. इराकचे स्कड अमेरिकेच्या पॅट्रिअटने पाडले, असे निवेदक सांगे आणि आम्ही मुले टाळ्या पिटत असू. युद्ध म्हणजे नेमबाजीचा खेळ, आणि त्यात यंत्र चुकत नाही, ही माझी समजूत त्या टाळ्यांबरोबर पक्की झाली.

ती मोडली बारा-तेरा वर्षांनी, अमेरिकेत, डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमातल्या एका वर्गात. विषय होता संगणकी आकडेमोडीतल्या चुका. प्राध्यापकांनी उदाहरण घेतले पॅट्रिअटचे. त्या यंत्राचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. एक-दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही; आपण एक-तृतीयांश लिहू लागलो की ०.३३३ पुढे जसे थांबता येत नाही, तसेच हे. २४ बिटांत मावेल तेवढा आकडा ठेवून बाकीचा छाटलेला होता. दर ठोक्याला चूक पडे सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाची. म्हणजे काहीच नाही! पण यंत्र सलग १०० तास चालू राहिले तर ती साचत साचत ०.३४ सेकंदांवर जाते, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे निघून जाते.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरबस्तानातील धाहरान येथे नेमके हेच घडले. रडार भलत्याच जागी पाहत राहिले, पॅट्रिअट सुटलेच नाही आणि बराकीवर पडलेल्या स्कडने २८ अमेरिकन सैनिकांचा बळी घेतला. यंत्र फार वेळ चालू ठेवू नका, अशी सूचना त्याआधी धाडली गेली होती. 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे मात्र तिच्यात नव्हते. सुधारलेला प्रोग्रॅम धाहरानला पोहोचला दुसऱ्या दिवशी.

वर्गातली इतर मुले गणित उतरवून घेत होती. मला आमच्या आळीतल्या टाळ्या ऐकू येत होत्या.

मग मी मागचे वाचत गेले. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पॅट्रिअटच्या कारखान्यात जाऊन सांगितले होते की ४२ स्कडपैकी ४१ अडवली गेली. पुढल्या वर्षी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्या आकड्याची छाननी झाली. तेव्हा एका लष्करी अधिकाऱ्याने खुलासा केला, की राष्ट्राध्यक्ष 'पाडली' असे म्हणालेच नव्हते, ते 'अडवली' म्हणाले होते. आणि अडवणे याचा अर्थ एवढाच, की पॅट्रिअट आणि स्कड यांच्या वाटा आकाशात एकमेकींना छेदून गेल्या. आपल्याकडे याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात. फरक इतकाच, की धर्मराजाच्या वाक्याचा उत्तरार्ध शंखनादात बुडाला, तर इथे तो वर्षभर उशिरा उच्चारला गेला. तोवर सभा उठून गेली होती.

एम.आय.टी.चे प्राध्यापक थिओडोर पोस्टॉल यांनी तर दूरचित्रवाणीवर दाखवलेली तीच दृश्ये एकेक चौकट थांबवून तपासली. त्यांना स्कड नष्ट झाल्याचा पुरावा जवळजवळ दिसलाच नाही. त्यांच्या टीकाकारांचा आक्षेपही इंजिनिअर म्हणून मला डावलता येत नाही: कॅमेरा सेकंदाला ३० चौकटी टिपतो, दोन चौकटींमध्ये स्कड पन्नास मीटरहून अधिक पुढे सरकते, तेव्हा अशा चित्रावरून नेम चुकला हे तरी खात्रीने कसे सांगावे? पण हाच आक्षेप मान्य केला, तर त्याच चित्रावरून नेम लागला हे तरी कोणत्या आधारावर सांगितले? लष्कराने पुढे आपले यशाचे आकडे स्वतःच खाली आणले. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षकांनी १९९२ मध्ये निष्कर्ष काढला, की स्कडचे स्फोटक खरोखर नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा सुमारे ९ टक्के प्रसंगांतच आहे.

वार्ताहर खोटे बोलत होते, असे माझे म्हणणे नाही. लखलखाट खराच होता. पण चित्र त्यांचे आणि चित्राचा अर्थ लष्कराचा, अशी ती विभागणी होती. वार्ताहर लष्कराच्या सोबतीने, ठरवून दिलेल्या गटांतून फिरत, आणि त्यांच्या मजकुरावरून अधिकाऱ्यांची नजर फिरे. खिडकीतून अचूक शिरणाऱ्या बॉम्बची चित्रफीतही लष्करानेच पुरवलेली. प्रत्यक्षात त्या युद्धात टाकलेल्या दर शंभर बॉम्बांपैकी नव्वदांहून अधिक साधे, नेम न धरणारे होते. त्यांची चित्रफीत कोण देणार?

लष्कराने बातमी मुठीत धरली म्हणून असे झाले, कॅमेरे मोकळे सोडले की सत्य आपोआप दिसेल, असे मला बरीच वर्षे वाटे. २००८ च्या २६ नोव्हेंबरने तोही भ्रम घालवला. मुंबईवरचा हल्ला मी इथून, सातासमुद्रापलीकडून, जवळजवळ तीन दिवस न झोपता पाहिला. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना दिसले आणि जीव भांड्यात पडला. वाहिनीने क्षणभर दुसरे काही दाखवले की माझी चिडचिड होई. मला आणखी हवे होते. तेच चित्र पाकिस्तानात बसलेले हल्ल्याचे सूत्रधारही पाहत होते आणि फोनवरून आपल्या माणसांना सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यावरून कडक शब्दांत फटकारले. ते वाचताना मला वाटले, यातला थोडा हिस्सा माझाही आहे. मागणी माझीच होती ना?

त्यावर इलाज म्हणून २०१५ मध्ये भारत सरकारने नियम केला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असेतो थेट प्रक्षेपण नको, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढेच दाखवा. जवानांच्या आणि ओलिसांच्या जिवासाठी हे योग्यच आहे. पण नीट पाहिले तर आपण फिरून १९९१ च्या त्याच खोलीत आलो. अधिकारी सांगणार 'अडवले' आणि आपण ऐकणार 'पाडले'.

तेव्हा प्रश्न चित्र जास्त की कमी, हा नाहीच. कारवाई चालू असताना तोंड बंद ठेवणे समजू शकते. ती संपल्यावर परत जाऊन पाहणे, हे काम वार्ताहराचे आहे आणि तेच बहुधा होत नाही. आमच्या धंद्यात प्रोग्रॅमची नवी आवृत्ती दिली की मागल्या आवृत्तीत काय चुकले होते, त्याची यादी सोबत द्यावी लागते. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उलट यादी नसेल तर गिऱ्हाईक संशय घेते. युद्धाच्या बातम्यांना अशी यादी नसते. पहिली बातमी चित्रासह येते आणि मनात घर करते. दुरुस्ती वर्षभराने, चित्राविना, आतल्या पानावर येते. युद्ध संपल्यावर प्रत्येक वाहिनीने एक संध्याकाळ राखून 'आम्ही काय चुकीचे सांगितले' एवढेच दाखवावे, अशी मागणी आपण प्रेक्षकांनी का करू नये?

परवा माझ्या मुलाने मला त्याच्या फोनवर कुठल्याशा युद्धातले एक दृश्य दाखवले. काळे आकाश, दोन ठिपके, लखलखाट. तो म्हणाला, "आई, बघ, पाडलं!" मी त्याला विचारले, पाडले हे तुला कशावरून कळले? त्याने ते पुन्हा लावले, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "खाली लिहिलंय म्हणून."

आमच्या आळीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.