फॉर्म आपल्या संस्थेला कसा वाचतो?

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, मग फॉर्मची का नको? गावातल्या वाचनालयाबद्दल सरकारदरबारी जे लिहून राहतं, ते या फॉर्ममध्येच.

आधी धर्मादाय आयुक्तांकडे जाणारी अनुसूची नऊ घ्या, म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. तिच्यात 'उद्दिष्टांवरील खर्च' वेगळा आणि 'आस्थापना खर्च' वेगळा. आता सांगा, ग्रंथपालाचा पगार कुठे जातो? बहुतेक ठिकाणी आस्थापनेत. अहो, पण वाचनालयात ग्रंथपाल हेच तर काम आहे! 1950 च्या कायद्याचा हा साचा देवस्थान, धर्मशाळा, अन्नछत्र डोळ्यांपुढे ठेवून घडल्यासारखा वाटतो. माणसांच्या श्रमावर चालणारी संस्था त्यात उधळी दिसते आणि देणगीदार विचारतो, "पगारावर एवढा खर्च?"

दुसरा फॉर्म प्राप्तिकराचा. मी 1961 च्या कायद्याबद्दल बोलतोय. सूट धरण्याआधीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेवर गेलं की लेखापरीक्षण अहवाल लागतो. 2023 पासून त्याचे दोन प्रकार नीट वेगळे केले: मोठ्यांसाठी 10बी, बाकीच्यांसाठी 10बीबी. कल्पना चांगली. पण परदेशी देणगी मिळाली असेल, तर रक्कम कितीही लहान असो, 10बीच भरायचा. म्हणजे पाच कोटींच्या वरच्या संस्थेचाच फॉर्म.

खरा धोका पुढे आहे. समजा, संस्थेला वर्षात 8 लाख मिळाले. 3 लाख चालू खर्च, 5 लाखांची अभ्यासिका बांधली. अहवाल वेळेत गेला तर सगळा पैसा उद्दिष्टांवर खर्च झाला, कर शून्य. अहवाल राहिला तर कलम 13(10) लागतं आणि त्यात भांडवली खर्च वजा मिळत नाही. अभ्यासिकेचे 5 लाख करपात्र हिशेबात येतात. पैसा भिंतीत गेलाय, कर कुठून भरणार? उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी वाट पाहणी. चूक तारखेची आणि शिक्षा मात्र अपहार केल्यासारखी. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

हिशेब मागूच नये, असं मी म्हणत नाही. लोकांचा पैसा आहे, करात सवलत आहे, हिशेब द्यायलाच हवा. आणि आपणही काही कमी नाही. वर्षभराच्या पावत्या पिशवीत भरायच्या आणि सप्टेंबरात सीएंपुढे ओतायच्या! विश्वस्त वारले तरी बदल अर्ज 90 दिवसांत जात नाही, मग पुढे सह्यांचा घोळ.

तेव्हा तीन तारखा कार्यालयाच्या भिंतीवर लिहा: 31 मे, 80जी देणग्यांचं 10बीडी, 30 सप्टेंबर, लेखापरीक्षण अहवाल, 31 ऑक्टोबर, विवरणपत्र. मुदतवाढ मिळेल असं धरून चालू नका.

आणि एक करा. वार्षिक सभेत अनुसूची नऊ मोठ्याने वाचा. ग्रंथपालाच्या पगाराशी थांबा आणि तो कशासाठी आहे ते सभासदांना सांगा. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही, पण सभेच्या इतिवृत्तात जागा आहे.