आज्ञापत्रांतील उपायांची परीक्षा

रामचंद्र नीळकंठ अमात्य यांच्या आज्ञापत्राची स्तुति आजवर पुष्कळ झाली आहे. ग्रंथ राजनीतीवरील आहे, त्याची भाषा जुन्या मराठी गद्याचा उत्तम नमुना आहे आणि कर्ता शिवछत्रपतींच्या अमदानींत तयार झालेला मुत्सद्दी आहे, या तीन गोष्टी बहुतेक प्रस्तावनांतून येतात व त्या खऱ्याहि आहेत. परंतु ज्या कामासाठीं हा ग्रंथ लिहिला गेला, त्या कामास तो कितपत उतरतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. राज्यावर अमुक अडचण आली असतां अमुक उपाय करावा, असें सांगणारा हा ग्रंथ आहे. तेव्हां ते उपाय शहाणपणाचे होते कीं नाहीं, हें पाहणें टीकाकाराचें पहिलें कर्तव्य होय.

ग्रंथाचा काळ इ. स. १७१५–१६ च्या सुमाराचा. १७१४ मध्यें ताराबाईंच्या हातून अधिकार जाऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी यांची पन्हाळ्यास स्थापना झाली होती, आणि साताऱ्याच्या शाहू छत्रपतींशीं तंटा चालूच होता. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीस गेले असतां महाराष्ट्राचा कारभार हुकमतपनाह या नात्यानें ज्यानें सांभाळिला, तो वृद्ध अमात्य येथें तरुण राजास राज्यकारभार शिकवीत आहे. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे वाचकांच्या दोन चुका टळतात. पहिली चूक, ग्रंथांतील प्रत्येक वाक्य शिवकालीन वहिवाटीचा पुरावा समजणें. दुसरी, पुढें जें घडलें त्यावरून सल्ल्याची किंमत ठरविणें. उपायाची परीक्षा करितांना सांगणाऱ्यास त्या वेळीं काय ठाऊक होतें, उपायाचा भार कोणावर पडणार होता, आणि त्या उपायांतून नवी कोणती अडचण उत्पन्न होणार होती, हें पाहावयाचें असतें.

प्रथम झाडांचें प्रकरण घेऊं. आरमारास लांकूड हवें. स्वराज्यांतील सागवान वगैरे रानांतून हुजूरच्या परवानगीनें तोडावें, अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें, परंतु रयतेचे आंबे–फणस तोडूं नयेत, असें अमात्य सांगतो. झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मग तोडावें. हें कलम पुष्कळदा शिवछत्रपतींचें आज्ञापत्र म्हणून छापलें जातें. त्यांच्या धोरणाची छाया त्यांत असेल, परंतु आपल्यासमोर जो पाठ आहे तो अमात्याचा आहे, आणि संशोधकानें तो त्याच्याच नांवावर मांडला पाहिजे. या कलमांतील दया सर्वांस दिसते. त्यांतील हिशेब मात्र कोणी पाहत नाहीं. आंब्याचें लांकूड फुकट मिळतें असें सरकारास वाटतें, पण त्याची किंमत ज्यानें पिढीभर झाड वाढविलें त्याच्या घरांतून वसूल होते. अमात्य ती किंमत उघडी करून सरकारच्या खर्चीं घालतो. उपायाचा भार नेमका कोणावर पडतो हें दाखविणें, हा या ग्रंथाचा मोठा गुण आहे.

आरमाराच्या खर्चाचें कलम याहूनहि मार्मिक आहे. आरमाराची नेमणूक मुलखांतून करून द्यावी, बंदरांतील उत्पन्नावर लावूं नये, असा त्याचा आशय आहे. कारण ज्याचें पोट बंदराच्या मिळकतीवर, तो सावकारास नाडल्याशिवाय राहणार नाहीं, आणि सावकार गेला कीं बंदर गेलें. येथें अमात्य खलाशांस सदाचाराचा उपदेश करीत बसत नाहीं, त्यांस तसें वागण्याचें कारणच उरूं नये अशी व्यवस्था सुचवितो. कोल्हापूरच्या पुढील इतिहासांत हें कलम विसरल्याचा दंड फार मोठा पडला. मालवणच्या आरमारानें व्यापारी तारवें धरिल्याच्या कारणावरून इंग्रजांनीं १७६५ मध्यें सिंधुदुर्ग घेतला. तो परत मिळाला, परंतु १७९२ च्या तहांत व्यापाऱ्यांची भरपाई व वखारींस परवानगी कबूल करावी लागली, आणि १८१२ च्या तहानें मालवण कायमचें गेलें. ही हानि होईल हें भाकीत अमात्यानें केलें नव्हतें. कारण मात्र त्यानें आधींच दाखवून ठेविलें होतें.

किल्ल्यांच्या प्रकरणांत अनुभव बोलतो. पाणी पाहून किल्ला बांधावा, झऱ्यावर विसंबूं नये, कारण तोफांच्या धक्क्यानें झरे आटतात, म्हणून खडक फोडून टाकीं राखावीं. किल्ल्याशेजारीं बरोबरीचा डोंगर असल्यास तो सुरुंग लावून कमी करावा, न साधल्यास आपणच बांधून ताब्यांत ठेवावा. पन्हाळ्यावर उभें राहून हें वाचणारास वेगळी टीप नको. १६७३ मध्यें पन्हाळा परत हातीं आल्यावर समोरच्या डोंगरावर पावनगड उभा राहिला, तो याच विचारानें.

आतां टोपीकरांचें प्रसिद्ध कलम. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे वरकड सावकारांसारखे नव्हत, त्यांच्यामागें राजे आहेत, आणि मिळालेली जागा ते सोडीत नाहींत, हें निदान अचूक आहे. उपाय असा कीं, वखारीस समुद्रकिनारीं जागा देऊं नये, द्यावीच लागली तर कांहीं कोस आंत, मोठ्या गांवांच्या आटोक्यांत, सखल ठिकाणीं द्यावी व मजबूत इमारत बांधूं देऊं नये. या कलमाची वाहवा सर्वत्र होते, म्हणूनच त्यांतील उणें सांगणें अवश्य आहे. राजापूरची इंग्रजी वखार किनाऱ्यावर नव्हती, जैतापूरच्या खाडीनें बरेंच आंत गेल्यावर ती लागे. तरीहि १६६० मध्यें सिद्दी जौहरानें पन्हाळा वेढिला असतां त्याच वखारीचा मुख्य रेव्हिंग्टन तोफा घेऊन घाट चढून आला, आणि १६६१ मध्यें महाराजांनीं राजापूर लुटून त्याचें पारिपत्य केलें. म्हणजे समुद्रापासूनचें अंतर हा अर्धाच उपाय होता. आंतील वखारवाला गड उभारूं शकणार नाहीं हें खरें, पण राज्याच्या शत्रूस दारूगोळा विकूं शकेल. त्यास आळा घालणारें कलम या प्रकरणांत नाहीं. निदान उत्तम, उपाय अपुरा, असाच निवाडा येथें द्यावा लागतो.

शेवटीं वतनदार. देशमुख, देशकुळकर्णी, पाटील यांस वतनदार म्हणावें, परंतु ते वस्तुतः लहान लहान दायादच आहेत, परचक्र येतांच वतनाच्या लोभानें ते शत्रूस मिळतात, म्हणून त्यांस राखावें पण दाबांत ठेवावें, आणि चाकरीबद्दल जमिनी इनाम देऊन राज्याचे तुकडे करूं नयेत, असें अमात्य निक्षून सांगतो. तत्त्व निर्दोष आहे. परंतु हें तत्त्व सांगणारा हात कोणता? मोंगलांकडे गेलेले मराठे परत वळविण्यासाठीं राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत वतनांचीं व इनामांचीं आश्वासनें देण्यांत आलीं, आणि त्या वेळीं महाराष्ट्राच्या कारभाराचीं सूत्रें याच अमात्याच्या हातीं होतीं. त्याच्या वंशाकडे बावड्याची जहागीर चालली, व १९४९ मध्यें कोल्हापूर मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत बावडेकर हे संस्थानच्या मोठ्या जहागीरदारांत मोडत.

यावरून अमात्यास ढोंगी म्हणणें अन्यायाचें होईल. औरंगजेबाची फौज दारांत असतां वतनाशिवाय दुसरें देण्यासारखें राज्याजवळ फारसें नव्हतें. तो उपाय त्या घटकेस योग्यच होता. दोष आहे तो निराळा. संकटांत दिलेली सवलत संकट सरल्यावर कशी आवरावी, याचा विचार ग्रंथांत हवा तितका नाहीं. आंब्याच्या झाडाचा हिशेब इतक्या बारकाईनें करणारा लेखक आपल्याच वर्गाच्या हिशेबापाशीं हात आंखडतो. दुसऱ्यावर पडणारा भार मोजणें सोपें असतें. स्वतःच्या पदरांत पडलेला लाभ राज्यास काय किंमतीचा पडला, हें मोजणें कठीण, आणि सल्लागाराची खरी कसोटी तेथेंच लागते.

या परीक्षेनें आज्ञापत्राची थोरवी कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. उलट, पूज्य पोथी म्हणून बांधून ठेवण्याऐवजीं विचार करणाऱ्या कारभाऱ्याचें लिखाण म्हणून तें वाचतां येतें. मात्र त्यासाठीं तें एकटें वाचून भागणार नाहीं. कोल्हापूरच्या दप्तरांतील सनदा, बंदरांचे हिशेब, गडांवरील सामानाच्या याद्या आणि खासगी संग्रहांतील वतनपत्रें, यांतील प्रत्येक कागद आज्ञापत्राच्या कोणत्या तरी कलमाचा साक्षी आहे. कलम एका बाजूस व त्या विषयाचा अस्सल कागद दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी झाली म्हणजे अमात्यानें काय सांगितलें आणि राज्यानें काय केलें, यांतील अंतर स्पष्ट होईल. ज्यांच्या घरीं असे रुमाल अद्याप न सोडलेले पडून आहेत, त्यांनीं ते या दृष्टीनें एकवार सोडून पाहावेत. आंब्याचें कलम सर्वांस पाठ आहे. परंतु त्या कलमान्वये एखाद्या धन्यास झाडाची किंमत पोंचल्याची एक पावती सांपडली, तर ती त्या सर्व स्तुतीहून अधिक मोलाची ठरेल.